पार्टिशनपलीकडचा ठेका

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झालाय, तेव्हा तू माझे कान उपटणार हे धरूनच चाललोय. उपट, पण जरा बेताने. माझं पोट त्यांच्यावरच चालतं.

इकडचं रुटीन तुला माहीतच आहे. सकाळी दूध-पाव पोटात ढकलायचा आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन बसायचं. भिंतींना स्पंज लावलेला, दार लावलं की बाहेर जग बुडालं तरी पत्ता लागत नाही. चहा मागवतो आणि प्यायचा विसरतो. कालचा अख्खा दिवस एका खुर्चीने खाल्ला. व्हायोलिनवाले काका वाजवायला लागले की मध्येच कुईं असा आवाज यायचा. तारा बदलल्या, माइक बदलला, वायर बदलली. शेवटी कळलं की काका रंगात आले की डुलतात आणि खुर्ची कुरकुरते. डुलू नका म्हटलं तर सूर कोरडा पडतो. मग त्यांना उभं करून वाजवायला लावलं. दिग्दर्शकाचं म्हणणं, संगीत अजून थोडं ओलसर हवं. मी मान डोलावली आणि आवाज जरा कमी केला. ओलसर झालं म्हणाला, खूश.

आता मुद्द्याचं. तुझ्या कादंबरीच्या सिनेमात आम्ही त्या प्रसंगापाशी येऊन पोचलोय. बाई घर सोडून निघालीय, भरदुपार आहे, तापाने फणफणलेली मुलगी लाकडी पार्टिशनपलीकडे डोळे मिटून पडलीय आणि बाई अलीकडे गुणगुणतेय, लाकडावर बोटं वाजवतेय. तू लिहिलंस, ‘आई गेली ती ताल धरून गेली.’ ज्याला त्याला हे वाक्य पाठ आहे. पण ताई, ‘गुणगुणत होती’ एवढं लिहून तू सुटलीस. वाचणारा प्रत्येक जण तिथे आपापल्या आईचा सूर घालून मोकळा होतो. सिनेमात तसं चालत नाही. मला एकच सूर ठरवावा लागणार, आणि तो ठरवला की बाकी सगळ्या आया हद्दपार. पुस्तकावरचे सिनेमे पाहून लोक हळहळतात ना, पुस्तकातली मजा नाही म्हणून, ती इथेच सांडते.

त्यात दिग्दर्शकाने भर घातलीय. तू नुसतं ‘खाली कुणीतरी वाट पाहत असेल’ असं म्हटलं होतंस. त्याने त्या कुणीतरीला मिशा लावून स्कूटरवर बसवलंय. बाईचं गुणगुणणं हळूहळू त्या दोघांचं प्रेमगीत व्हायला हवं, अशी फर्माईश आहे.

तेव्हा तूच सांग. मी पाच वर्षांचा होतो, तू बारा. आपली आई त्या दिवशी काय गुणगुणत होती?

तुझा,
धाकटा

*

११ फेब्रुवारी

चि. ठेकेदार यास,
अ. उ. आ.

(ताटं-वाट्या वाजवून ठेका धरण्यात अख्खं बालपण घालवलंस, तेव्हा हे नाव तुला मरेपर्यंत सुटणार नाही.)

तुझं पत्र बाथरूममध्ये जाऊन वाचलं. हसू नकोस. आईला दिसत नाही, पण पलीकडच्या खोलीत मी पान उलटलं तरी ती काय वाचतेयस विचारते. फोनचं तर बोलूच नकोस. वाजला की माझ्या आधी तिचा हात पडतो. म्हणून तर ही पत्रं, नाहीतर या वयात मला पोस्टाच्या फेऱ्या मारायची हौस नाही.

पुस्तक आलं तेव्हा तिची नजर गेलेली होती, हे माझं नशीब. गोष्ट एका शाळेची आहे असं तिला सांगून ठेवलंय. समोरच्या शिंपीणबाई वाचून दाखवते म्हणाल्या तर सगळ्या प्रती संपल्या असं सांगितलं. कपाटात दहा आहेत. आई घर सोडून गेली आणि तीन-चार महिन्यांनी परत आली, यावर आपल्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. बाबाही न बोलताच गेले. मी ते चव्हाट्यावर मांडलं, तेही असं की बाई मजेत गेली आणि खाली कुणीतरी होतं. आता मला सांग, पुस्तक मिटून ठेवता येतं, पण सिनेमा कसा मिटायचा?

कारण ती येणार आहे. लेकीचं पुस्तक, लेकाचं संगीत, म्हणून गल्लीभर सांगून झालंय. ठेवणीतले कपडे इस्त्रीला गेलेत. मी म्हटलं गर्दी असते, म्हणाली असू दे. मी म्हटलं तुला दिसणार नाही, तर म्हणाली की तिला ऐकायचाच आहे. यावर काय बोलणार, कप्पाळ!

ती काय गुणगुणत होती ते मला आठवत नाही. ठोका तेवढा आठवतो. टक, टक, टक, माझ्या अगदी उशाशी. पोरं टाकून जाणारी बाई ताल धरते, हेच तर मला आजवर गिळता आलेलं नाही. त्या दुपारनंतर मला दुपारची झोप म्हणून कधी लागली नाही. तू चिडवतोस ना, घुबड घुबड म्हणून, तर ते तेव्हापासूनचं आहे.

तो स्कूटरवाला काढायला सांग. नाहीतर मी सिनेमावरून माझं नाव काढून घेईन, मग जे व्हायचं ते होवो.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

*

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू नाव काढून घेणार हे दिग्दर्शकाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, नावापेक्षा प्रसंग मोठा. मग मलाच समजावत बसला की लेखिकेने पोराला जन्म दिला, आता शाळेत तो कुणाशेजारी बसतो यात तिने पडू नये. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी गप्प राहिलो. इथे गप्प राहणं हेच अर्धं काम आहे.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. आमच्यात अशी रीत असते की खरं संगीत तयार होईपर्यंत चित्राखाली काहीतरी तात्पुरतं घालून ठेवायचं, म्हणजे संकलन करणाऱ्या बाईंचं काम अडत नाही. परवा मीच माइकसमोर बसलो आणि तोंडाला येईल ते गुणगुणलो. बाईंनी ऐकलं आणि विचारलं की मी मांडीवर काय आपटत होतो. बघतो तर माझा हात चालू! मी मला थोपटत होतो, ताई.

आणि मग मला सगळं आठवलं. तोच सूर, तीच चाल. आई मला असंच झोपवायची. म्हणजे त्या दुपारी ती ताल धरून आनंदाने गात नव्हती. जाताना मी रडून गोंधळ घालू नये म्हणून मला थोपटत होती. तू पलीकडून ऐकलंस आणि तुझा गैरसमज झाला. राग मानू नकोस, पण तुझं ते गाजलेलं वाक्य चुकलंय.

आता संकट असं की तो तात्पुरता सूर दिग्दर्शकाला भलताच आवडलाय. हाच ठेवा म्हणतो आणि तोच पुढे स्कूटरवाल्याच्या तोंडी घालणार. मला झोपवायचा आईचा सूर त्या मिशाळ माणसाच्या तोंडी! तू नाव काढशील तेव्हा माझंही काढ.

तुझा,
धाकटा

*

२२ फेब्रुवारी

चि. ठेकेदार यास,
अ. उ. आ.

राग मानू नकोस म्हटलंस म्हणून मानते. पाच वर्षांचं शेंबडं पोर होतास तू. त्या दिवशी काय झालं हे तुला कळलंही नव्हतं. आई दवाखान्यात आहे असं तुला सांगितलं, ते तू मुकाट्याने मानलंस आणि दुसऱ्या दिवशी गोट्या खेळायला गेलास. तुझी वेणीफणी नव्हती म्हणून बरं, नाहीतर तीही मलाच करावी लागली असती. शर्टाची बटणं मी लावली, नाक मी पुसलं, रात्री आई कधी येणार याची उत्तरं मी रचली. आता तू मला शिकवणार की ती मजेत गेली नव्हती?

एवढंच विचारते. अंगावर थोपटलं की आवाज कसा येतो? मऊ येतो, भरीव येतो. मी ऐकलं ते लाकूड होतं. माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर वाजत होतं. तुझ्या पाठीत लाकूड बसवलं होतं का? तू कानांवर पोट भरतोस ना, मग कान लावून बघ.

आईने आज कपडे घालून बघितले. सैल झालेत, शिंपीणबाईंकडून आत घेतलेत. मला काही खावंसं वाटत नाही.

ताई

*

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लावला कान. चार दिवस दुसरं काही केलं नाही. गादी थोपटली, उशी थोपटली, मांडी तर सुजेपर्यंत थोपटली. माझा मदतनीस जाडजूड आहे, त्याच्या पाठीवरही थोपटून पाहिलं, तो बिचारा खरंच पेंगला. यातलं काहीही तुझ्या टक् सारखं वाजत नाही. मग सुताराकडून जुन्या फळ्यांचं पार्टिशन आणून उभं केलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माइक, तुझ्या उशीच्या जागी. पहिल्याच ठोक्याला हेडफोनमध्ये तुझं टक् वाजलं. तुझं खरं आहे. लाकूडच होतं.

पण थांब, हुरळून जाऊ नकोस. तू पुस्तकात बोटं लिहिलीस. बोटांनी वाजवलं की आवाज टोकदार येतो, आणि बोटांना घाई असते. मजेत ताल धरणारं माणूस पुढे पुढे पळतं. माझ्या अंगात मुरलेली लय सावकाश आहे आणि ठोका तळव्याचा आहे. तळव्याने वाजवलं तेव्हाच ते जुळलं. म्हणजे लाकूडही खरं आणि थोपटणंही खरं. मग मला सांग, लाकडाला कोण थोपटतं?

मला उत्तर सापडत नाही. तुलाही सापडणार नाही. ज्याला माहीत आहे ते माणूस तुझ्या शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करून बसलंय. पुढच्या आठवड्यात आवाजांची शेवटची जुळवणी आहे. त्यानंतर माझ्या हातात काही उरत नाही, स्कूटरवाला कायमचा. दिग्दर्शक म्हणतो, दुसरं काही सुचत असेल तर ऐकवा, नुसतं नको नको करू नका. यात त्याचं चुकलं असं मलाही म्हणता येईना.

विचार तिला, ताई. मला धीर होत नाही. तुला होईल असं नाही, पण मोठी तू आहेस.

तुझा,
धाकटा

*

३ मार्च

चि. ठेकेदार यास,
अ. उ. आ.

विचारलं नाही. मग कपाटातून एक प्रत काढली, तिच्यासमोर बसले आणि ते प्रकरण मोठ्याने वाचायला लागले. शाळेची गोष्ट म्हणून सांगितलेली, त्यात शाळा कुठेच नाही, हे तिला पहिल्या ओळीलाच कळलं असेल. हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. ताल धरून गेली, इथवर आले आणि पुस्तक मिटलं. पुढचं वाचलंच नाही.

मला वाटलं आता संपलं, ही बाई मला उभ्या जन्मात माफ करणार नाही. मग तिने पहिलं काय विचारलं असेल? तो खाली वाट पाहणारा माणूस मी कुठून आणला. सिनेमात तो स्कूटरवर आहे आणि दिसायला बरा आहे, असं मी सांगितलं. तर म्हणाली की तिच्या नशिबी एवढं कुठलं, ती बसने गेली, तीही उभ्याने. मी हसले रे, आणि हसता हसता रडले.

ती मैत्रिणीकडे गेली होती, कपडे शिवायच्या कारखान्यात बसायची. बाबांनी वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता. मीठ हवं तरी ते आपल्या तोंडून मागवायचे, आठवतंय? घरात आपण आहोत की नाही हेच तिला कळेनासं झालं होतं म्हणे. मग आपल्या दोघांशिवाय राहवेना म्हणून परत आली. बाबांनी दार उघडलं आणि जेवलीस का विचारलं. एवढ्यावरच मिटलं.

आता ऐक. तुला ती थोपटत नव्हती. तू केव्हाच घोरायला लागला होतास. जाग मला होती, आणि ते तिला माहीत होतं. श्वासावरून कळतं म्हणाली. माझ्याकडे यावंसं वाटत होतं. पण आली असती तर मी डोळे उघडले असते, आणि मी डोळे उघडल्यावर तिचा पाय निघाला नसता. शिवाय बारा वर्षांच्या घोडीला थोपटायचं कसं, म्हणाली. म्हणून अलीकडे बसून ती पार्टिशन थोपटत होती. जिथे माझी उशी होती, नेमकं तिथे.

लाकडाला कोण थोपटतं, ते हे.

माझा श्वास संथ झाला तेव्हा ती उठली, असं म्हणाली. मी तिला काही बोलले नाही, पण तुला सांगते. मी झोपले नव्हते. तिला झोपले असं वाटावं म्हणून श्वास लांब लांब केला होता. कान एवढे तिखट, आणि त्याच दिवशी फसली.

तुझ्या सिनेमाचं तू बघ. मला आता नाव काढायचं नाही आणि वाक्यही बदलायचं नाही.

ताई

*

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि सरळ खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिथे रडलं तर बाहेर ऐकू जात नाही, हा त्या स्पंजाचा फायदा.

म्हणजे मी झोपलो होतो! आठवतो तो सूर दुसऱ्याच कुठल्या दुपारचा. ठीक आहे, लाडक्या शेंडेफळाने एवढं पोटात घालायला हवं.

जुळवणीच्या दिवशी मी कुणाला काही समजावलं नाही. प्रसंगाखालचं सगळं वाद्यकाम काढून टाकलं. आईचं गुणगुणणं पार दूर नेलं, तिच्या खोलीत, जेमतेम कळेल इतकं. आणि तळव्याचा ठोका लाकडातून, मुलीच्या कानाशी आणून ठेवला. पडद्यावर नुसता तिचा चेहरा, मिटलेले डोळे. मग ठोका थांबतो. कडी वाजते. जिन्यावरच्या चपला ऐकू येतात. बस्स.

लगेच स्कूटरवाला आला आणि तो इतका ओशाळवाणा दिसला की दिग्दर्शकालाच बघवेना. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. मग संकलनवाल्या बाईंना म्हणाला, हा काढा. आता तो सगळ्यांना सांगत सुटलाय की ही कल्पना आधीपासून त्याच्याच डोक्यात होती. मी म्हटलं, हो ना.

तुझ्या वाक्याबाबत मी चुकलोच. ती ताल धरूनच गेली. तू ठोका बरोबर ऐकलास, मला थोपटणं बरोबर आठवलं आणि तरी आपण दोघं एवढी वर्षं भिंतीच्या चुकीच्या बाजूला होतो.

पुढचं काम गळ्यात पडलंय, मला येता येणार नाही. दुपारच्या खेळाला घेऊन जा तिला. सिनेमात ठोका आला की ती काय करते ते मला कळव. मला त्याची धाकधूक आहे, बाकी लोक काय म्हणतील ते म्हणोत.

तुझा,
धाकटा

*

२९ मार्च

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

जाड पेनाने लिहितेय. ओळी वरखाली गेल्या तर तू वाकडा हो आणि वाच. पत्ता शिंपीणबाई घालतील. ताईला सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता, तर म्हटलं आपणही लिहावं. पोस्टमन आला की ती बाथरूममध्ये जाते, हे कळायला डोळे लागत नाहीत.

सिनेमा ऐकला. तुझं काम आवडलं. काही ठिकाणी वाद्यं फार आहेत, माणसांना बोलू देत जा. माझं काम करणाऱ्या मुलीचा आवाज गोड आहे, माझा तेवढा कधीच नव्हता. लाकडाचा आवाज तू नेमका आणलास. कुठून आणलास देव जाणे. तू तर झोपला होतास.

ताई शेजारी बसली होती, ताठ. सुरुवातीपासून श्वास धरून. माझ्याकडे बघत असणार, आता आई काय करते म्हणून. मला वाईट वाटलं का, रडू आलं का, तेच सारं. पोर अशी बसली तर आईने सिनेमा कसा ऐकायचा? तो प्रसंग आला, ठोका सुरू झाला. खुर्चीचा हात लाकडी होता, त्यावर तिचा हात होता. मी त्यावर माझा ठेवला आणि थोपटलं. बाकी काही सुचलं नाही. म्हातारीने घोडीला थोपटलं, लोक हसतील तर हसोत.

पडद्यावरचा ठोका थांबला. मी थांबले नाही. थोड्या वेळाने तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. भरदुपारी, स्वतःच्याच सिनेमात, तुझी ताई झोपली रे.

त्या दुपारी तिने झोपेचं सोंग केलं होतं, ते मला नंतर कळलं होतं. जिना उतरले आणि मग लक्षात आलं की तापातल्या पोरीचा श्वास इतका सरळ नसतो. तरी मागे फिरले नाही. तिला हे सांगू नकोस. तिला वाटू दे मी फसले. या वेळी मात्र नीट कान देऊन खात्री करून घेतली. खरी झोपली होती.

सिनेमा संपला, दिवे लागले असावेत, कारण माणसं उठली. झाडायला आलेली बाई शेजारी येऊन उभी राहिली आणि चला आजी म्हणाली. मी तिला खुणेने थांबायला सांगितलं. मी उठले नाही.

तब्येतीला जप. चहा गरम असताना पीत जा. तुमची माया आहे तशी राहू दे, आणि पुढच्या वेळी पत्र मला घाल, ताई वाचून दाखवील.

तुझी,
आई